शेअर महाग, कंपनी लहान : आकार मोजायचा कसा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच घोटाळा निरनिराळ्या रूपांत दिसला. शेअरचा भाव, कंपनीचा आकार आणि कंपनीची ताकद या तीन गोष्टी एकच समजल्या जातात. म्हणून या वेळची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. कंपन्यांची नावे हिशेब नीट कळावा म्हणून घेतली आहेत, खरेदी-विक्रीचा सल्ला म्हणून नाही. 'धरू' असे जिथे म्हटले आहे तिथे भाव आकडेमोडीला सोपा पडेल असा घेतला आहे.

प्रश्न : मुलाने व्होडाफोन आयडियाचे शेअर सात रुपयांच्या आसपास घेतले. मी म्हटले, एवढ्या लहान कंपनीत पैसे घालू नकोस, घ्यायचाच तर एमआरएफसारख्या मोठ्या कंपनीचा एक शेअर घे. तो म्हणतो, एमआरएफच लहान आहे. हे कसे? (वाचक, सांगली)

मुलाचे गणित बरोबर आहे. तुमची काळजीही रास्त आहे, फक्त तिचे कारण वेगळे आहे. ते खाली कर्जाच्या प्रश्नात येईल.

शेअर म्हणजे कंपनीचा एक तुकडा. तुकड्याच्या किमतीवरून अख्ख्या वस्तूची किंमत कळत नाही. तुकडे किती पाडले आहेत ते आधी पाहावे लागते. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर म्हणजे कंपनीचे बाजारमूल्य, ज्याला बाजारात सगळे 'मार्केट कॅप' म्हणतात. शेअर बाजारात कंपनीचा आकार म्हणतात तो हाच.

एमआरएफचे एकूण शेअर आहेत फक्त ४२,४१,१४३. भाव एक लाख रुपये धरू. बाजारमूल्य झाले सुमारे ४२,४११ कोटी. व्होडाफोन आयडियाने देणे फेडता येईना म्हणून पुन्हा पुन्हा नवे शेअर काढले. एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या सरकारी देण्याच्या बदल्यात प्रत्येकी १० रुपये दराने ३,६९५ कोटी शेअर सरकारला दिले गेले आणि सरकारचा वाटा ४८.९९ टक्क्यांवर गेला. त्यानंतर एकूण शेअर झाले जवळपास १०,८३४ कोटी. सात रुपयांनी गुणले की ७५,८०० कोटींच्या पुढे. सात रुपयांची कंपनी लाख रुपयांच्या कंपनीच्या पावणेदोन पट भरली. तिसरे उदाहरण स्टेट बँकेचे. जुलै २०२५ मध्ये संस्थांना शेअर विकून २५,००० कोटी उभारल्यानंतर बँकेचे शेअर सुमारे ९२३ कोटी झाले. भाव ८०० धरला तर बाजारमूल्य ७,३८,४०० कोटी, म्हणजे आपल्या एमआरएफच्या हिशेबाच्या सतरा पट.

हा गुणाकार एकदा तरी स्वतः करून पाहा, ॲपवर दिसणाऱ्या आकड्यावर थांबू नका. शेअरची संख्या दोन ठिकाणी मिळते. पहिली जागा म्हणजे प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत कंपनी शेअर बाजाराकडे देते तो भागधारणेचा तक्ता. तो बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर असतो आणि त्यात एकूण शेअर सरळ लिहिलेले असतात. दुसरी जागा ताळेबंद. तिथे संख्येऐवजी भरणा झालेले भागभांडवल रुपयांत असते. त्याला दर्शनी मूल्याने, म्हणजे कागदोपत्री ठरवलेल्या शेअरच्या मूळ किमतीने (बाजारभावाने नव्हे), भागले की शेअरची संख्या निघते. नेमकी चूक इथेच होते. दर्शनी मूल्य दहाच असते असे धरून लोक भागाकार करतात. एमआरएफचे ते दहा आहे. भागभांडवल ४.२४ कोटी, भागिले १० म्हणजे ४२.४ लाख शेअर, उत्तर बरोबर. स्टेट बँकेचे दर्शनी मूल्य २०१४ मधल्या विभाजनापासून (एका शेअरचे अनेक लहान शेअर करणे) एक रुपया आहे. तिथे दहाने भागलेत तर ९२ कोटी शेअर निघतील आणि देशातली सर्वांत मोठी सरकारी बँक तुमच्या वहीत एकदशांश होईल.

दुसरी चूक एककाची. काही कंपन्या हिशेब कोटींत देतात, काही लाखांत, काही मिलियनमध्ये. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ते लिहिलेले असते. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. एवढे तीन आकडे पाठ असले की पुरे.

प्रश्न : जून २०२५ मध्ये एका सकाळी ॲपवर बजाज फायनान्सचा भाव ९० टक्के पडलेला दिसला. नंतर कळले की काही झालेच नव्हते. मग कंपनी दहा पट लहान झाली की नाही? (वाचक, पुणे)

नाही. १६ जून २०२५ च्या रेकॉर्ड तारखेने, म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांच्यासाठी, दोन गोष्टी एकदम झाल्या. दोन रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर झाले आणि त्या प्रत्येकामागे चार बोनस, म्हणजे फुकट, शेअर मिळाले. म्हणजे एकाचे दहा. भाव नऊ हजारांच्या घरातून नऊशेंच्या घरात आला आणि शेअर सुमारे ६२ कोटींवरून ६२० कोटींवर गेले. गुणाकार होता तिथेच राहिला. भाकरीचे दोन तुकडे केले काय आणि वीस केले काय, भाकरी तेवढीच.

बोनसचे शेअर खात्यात दिसायला काही दिवस लागतात. तोवर ॲप नवा भाव आणि जुनी संख्या यांचा गुणाकार करते, म्हणून तो तोटा दिसला. तुम्ही एक शेअर ७,००० ला घेतला असेल तर सरासरी आता ७०० दिसेल. मात्र प्राप्तिकराचा हिशेब तसा होत नाही. विभाजनातून आलेल्या दोन शेअरची खरेदी किंमत प्रत्येकी ३,५०० आणि आठ बोनस शेअरची शून्य धरतात. बोनस शेअर बाळगल्याचा काळही ते मिळाल्या दिवसापासून मोजतात. विकताना जुने शेअर आधी गेले असे मानले जाते. विवरणपत्र भरताना ॲपची सरासरी तशीच उतरवू नका.

बाजारमूल्य खरोखर हलते ते भाव बदलल्यावर, किंवा कंपनीने पैसे घेऊन नवे शेअर काढले अथवा आपलेच शेअर परत विकत घेऊन रद्द केले तर.

प्रश्न : लार्ज कॅप २०,००० कोटींच्या वर, मिड कॅप ५,००० ते २०,००० कोटी आणि त्याखाली स्मॉल कॅप, असे मी वहीत लिहून ठेवले आहे. पण माझ्या स्मॉल कॅप फंडात ३०,००० कोटींच्या जवळची कंपनी दिसते. फंड नियम मोडतो आहे का? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

फंड नियम पाळतो आहे; वहीतला नियम जुना झाला आहे. तो आजही असंख्य ठिकाणी छापला जातो, म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देतो.

२०१७ पूर्वी प्रत्येक फंड घराणे आपापली व्याख्या करी. एकाचा मिड कॅप दुसऱ्याचा लार्ज कॅप ठरे आणि दोन फंडांची तुलना करण्यात अर्थ उरत नसे. ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, हा गोंधळ मिटवला. त्यात रुपयांची मर्यादा मुळी ठेवलेलीच नाही, क्रमांक ठेवला आहे. बाजारमूल्यानुसार सगळ्या नोंदणीकृत कंपन्या उतरत्या क्रमाने लावायच्या. पहिल्या १०० त्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हा टक्केवारीवर मिळणारा प्रथम वर्ग नाही, गुणवत्ता यादी आहे. सगळ्यांना चांगले गुण पडले तरी यादीत जागा तेवढ्याच.

म्हणून सीमारेषा बाजाराबरोबर वर-खाली होते. २०१७ च्या अखेरीस शंभराव्या कंपनीचे बाजारमूल्य सुमारे २९,००० कोटी होते. २०२४ च्या अखेरीस ते एक लाख कोटींच्या आसपास गेले आणि २५० व्या कंपनीचे सुमारे ३३,००० कोटींवर. तुमची ३०,००० कोटींची कंपनी २०१७ मध्ये शंभरात बसली असती. २०२४ च्या अखेरच्या यादीत ती स्मॉल कॅप आहे. एखाद्या कंपनीचे बाजारमूल्य वाढले तरी ती यादीत खाली घसरू शकते, कारण शेजारच्या कंपन्या तिच्याहून जोरात वाढल्या.

ही यादी म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी वर्षातून दोनदा काढते, जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला. एका दिवसाचा भाव त्यात घेत नाहीत. संपलेल्या सहा महिन्यांची सरासरी घेतात, आणि शेअर बीएसई व एनएसई दोन्हीकडे असेल तर दोन्हींची सरासरी. ॲम्फीच्या संकेतस्थळावरून ती एक्सेल फाईल म्हणून फुकट उतरवता येते. तिच्यात क्रमांक, कंपनीचे नाव, आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक), प्रत्येक बाजारातले सरासरी बाजारमूल्य कोटींत आणि शेवटच्या रकान्यात वर्ग असतो. नावाने शोधताना सारख्या नावांच्या समूह कंपन्यांत गफलत होते. डिमॅट विवरणातला बारा अक्षर-अंकांचा आयसिन टाकून शोधलेत तर चूक होणार नाही. वहीतला तो नियम खोडा आणि त्याजागी दर सहा महिन्यांनी दोनच आकडे लिहा : १०० व्या कंपनीचा आणि २५० व्या कंपनीचा.

आता फंडाचे बंधन. लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के रक्कम पहिल्या शंभरात ठेवायची. मिड कॅप आणि स्मॉल कॅप फंडांना हे प्रमाण ६५ टक्के. लार्ज अँड मिड कॅपला दोन्हींत प्रत्येकी किमान ३५. मल्टी कॅपला सप्टेंबर २०२० पासून तिन्हींत प्रत्येकी किमान २५. फ्लेक्सी कॅपला वर्गांचे बंधन नाही, फक्त ६५ टक्के शेअरमध्ये हवेत. म्हणजे तुमच्या स्मॉल कॅप फंडात ३५ टक्क्यांपर्यंत मोठ्या कंपन्या किंवा रोकडही असू शकते. फंडाचे नाव वाचून आतल्या कंपन्यांबद्दल अंदाज बांधू नका, दर महिन्याची यादी उघडून पाहा.

कंपनी वर्ग बदलते तेव्हा फंडाला ती विकावीच लागते, असाही समज आहे. १,००० कोटींचा मिड कॅप फंड घ्या. त्यात मिड कॅपचे ६७० कोटी आहेत. त्यांतली ४० कोटींची एक कंपनी नव्या यादीत ९८ व्या क्रमांकावर गेली. मिड कॅपचे उरले ६३०, हवेत ६५०. फंडाला एका महिन्यात २० कोटींची भर घालायची आहे, एवढेच. त्यासाठी तो उरलेल्या ३५ टक्क्यांतले दुसरे काही विकू शकतो आणि चढलेली कंपनी तशीच ठेवू शकतो. म्हणून यादी येण्याआधी 'ही लार्ज कॅप होणार, लार्ज कॅप फंड खरेदीला तुटून पडणार' अशा कुजबुजीवर शेअर घेणे धोक्याचे आहे.

प्रश्न : आमचा इचलकरंजीतला कारखाना वर्षाला ६० कोटींची उलाढाल करतो आणि उद्यम नोंदणीत आम्ही 'लघु' आहोत. २०,००० कोटींच्या कंपनीलाही स्मॉल म्हणतात, म्हणजे आम्ही त्यांच्याच रांगेत का? (उद्योजक, इचलकरंजी)

दोन्हीकडचा 'लहान' हा शब्द फक्त दिसायला एक आहे. उद्यम नोंदणीत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक विक्री मोजतात. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी आहे. मध्यम उद्योगाची १२५ कोटी आणि ५०० कोटी. शेअर बाजारातला वर्ग यांतले काहीच बघत नाही. तिथे फक्त लोक त्या कंपनीची काय किंमत करतात ते मोजले जाते. मोठी विक्री आणि बारीक नफा असलेली व्यापारी कंपनी बाजारमूल्यात लहान निघते, तर थोडी विक्री आणि भरघोस नफा असलेली औषध कंपनी मोठी.

'उलाढाल' हा शब्दही जपून वाचा. आपल्याकडे कंपनीच्या विक्रीलाही उलाढाल म्हणतात आणि शेअर बाजारात त्या दिवशी झालेल्या खरेदी-विक्रीलाही. बातमीत कोणती उलाढाल आहे ते आधी ठरवा.

तुमच्यासारख्यांना पुढे कधी एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान कंपन्यांसाठीच्या वेगळ्या विभागात, जायचे असेल तर तिथे तिसरेच माप लागते : विक्रीनंतरचे भरणा झालेले भागभांडवल २५ कोटींपर्यंत. ते बाजारमूल्य नव्हे. २० कोटी भागभांडवल, दर्शनी मूल्य १०, म्हणजे दोन कोटी शेअर. भाव ४०० झाला तर बाजारमूल्य ८०० कोटी.

प्रश्न : ४ जून २०२४ ला, निवडणूक निकालाच्या दिवशी, 'गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले' अशी बातमी होती. एवढा पैसा गेला कोणाकडे? (वाचक, डोंबिवली)

कोणाकडेही गेला नाही, कारण तेवढा पैसा कधी जमाच झालेला नव्हता.

तुमच्या डोंबिवलीत ४० सदनिकांची एक इमारत आहे असे धरा. मार्चमध्ये तिच्यातले एक घर ८० लाखांना विकले गेले. त्या भावाने इमारत झाली ३२ कोटींची. जूनमध्ये कोणी अडचणीत होता म्हणून त्याने तसेच घर ७२ लाखांना दिले. इमारत झाली २८ कोटी ८० लाखांची. 'मूल्य' तीन कोटी वीस लाखांनी घटले, पण हातातून हातात गेले ते फक्त ७२ लाख. बाकीच्या ३९ घरांत लोक जेवूनखाऊन झोपले.

बाजारमूल्यही असेच निघते. शेवटच्या सौद्याचा भाव घेतात आणि न विकलेल्या सगळ्या शेअरनाही तोच लावतात. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी पडला, बीएसईवरच्या सगळ्या कंपन्यांचा गुणाकार पुन्हा झाला आणि बेरीज ३१ लाख कोटींनी कमी आली. ज्यांनी त्या भावात शेअर विकले त्यांचा तोटा खरा. ज्यांनी विकले नाहीत त्यांच्यासाठी तो त्या दिवसाचा अंदाज. पण म्हणून तो आकडा निरर्थक म्हणता येणार नाही. घर तारण ठेवून कर्ज घेतलेल्या माणसाला ७२ लाखांचा भाव झोंबतोच, तसा शेअर तारण ठेवलेल्या प्रवर्तकालाही, म्हणजे कंपनी उभारून ताबा ठेवणाऱ्या मालकालाही, झोंबतो.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. मुंबईतली एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स. तिचे एकूण शेअर दोन लाख, आणि तिच्या हाती एशियन पेंट्सचे मोठे घबाड. तरी वर्षानुवर्षे शेअरचा नोंदलेला भाव होता ३ रुपये ५३ पैसे, कारण त्या भावाला कोणी विकतच नव्हते. गुणाकार केला तर बाजारमूल्य सात लाख सहा हजार रुपये! सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भाव ठरवण्याचा खास लिलाव सुरू केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव निघाला २,३६,२५०. बाजारमूल्य ४,७२५ कोटी. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कंपनीकडची मालमत्ता जवळपास तीच होती. सौदेच होत नसतील तर गुणाकार कितीही बिनचूक केला तरी उत्तर फसवे येते, हे एल्सिडने दाखवून दिले.

प्रश्न : रिलायन्सचे बाजारमूल्य एचडीएफसी बँकेपेक्षा जास्त, मग निफ्टीत बँकेचे वजन जास्त कसे? एलआयसी तर इतकी अवाढव्य, ती निफ्टी ५० मध्ये का नाही? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

कारण निर्देशांक पूर्ण बाजारमूल्य धरत नाहीत. बाजारात मोकळेपणाने फिरू शकतील तेवढेच शेअर धरतात. याला फ्री फ्लोट म्हणतात. प्रवर्तकांचे, सरकारचे आणि विक्रीबंदी असलेले शेअर वजा होतात. सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून या पद्धतीवर गेला आणि निफ्टी २६ जून २००९ पासून.

रिलायन्समध्ये जवळपास निम्मे शेअर प्रवर्तकांकडे आहेत, ते बाद. एचडीएफसी बँकेची प्रवर्तक एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला बँकेतच विलीन झाली आणि प्रवर्तकच उरला नाही, म्हणून तिचे जवळजवळ सगळे शेअर मोजले जातात. एलआयसी १७ मे २०२२ ला बाजारात आली तेव्हा विक्रीचा भाव ९४९ रुपये आणि शेअर ६३२ कोटींहून थोडे अधिक. पूर्ण बाजारमूल्य सहा लाख कोटी. पण सरकारने विकले फक्त साडेतीन टक्के, म्हणजे मोकळे शेअर २१,००० कोटींचेच. निफ्टीत जायचे तर मोकळे बाजारमूल्य त्यातल्या सर्वांत लहान कंपनीच्या दीड पट तरी असावे लागते; एलआयसी तिथेच अडते.

परीक्षेसाठी एक फरक लक्षात ठेव : ॲम्फीची लार्ज-मिड-स्मॉल यादी पूर्ण बाजारमूल्यावर, निफ्टी-सेन्सेक्समधले वजन मोकळ्या बाजारमूल्यावर. एलआयसी पहिल्या यादीत अगदी वर असते आणि दुसऱ्या हिशेबात लहान दिसते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

प्रश्न : दोन कंपन्यांचे बाजारमूल्य सारखेच ८,००० कोटी, नफाही सारखा. मग कोणतीही घेतली तरी चालेल ना? (वाचक, कोल्हापूर)

आधी कर्ज बघा. बाजारमूल्य फक्त भागधारकांच्या वाट्याची किंमत सांगते. धंदा उभा असतो भागधारक आणि सावकार दोघांच्या पैशावर.

पहिल्या कंपनीवर ६,००० कोटींचे कर्ज आहे आणि तिच्याकडे रोकड ५०० कोटी. अख्खा धंदा विकत घेणाऱ्याला तो पडेल ८,००० अधिक ६,००० वजा ५०० म्हणजे १३,५०० कोटींना. दुसरीवर कर्ज नाही आणि रोकड १,५०० कोटी. तिचा धंदा पडेल ६,५०० कोटींना. व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वी दोघीही १,००० कोटी कमावत असतील तर पहिलीसाठी कमाईच्या साडेतेरा पट मोजावे लागतात आणि दुसरीसाठी साडेसहा पट. या बेरजेला एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात. ताळेबंदातून कर्ज घेताना दीर्घ मुदतीचे आणि अल्प मुदतीचे दोन्ही घ्या. अल्प मुदतीचे चालू देण्यांत लपलेले असते आणि हमखास सुटते.

सांगलीच्या वाचकांची काळजी इथे खरी ठरते. व्होडाफोन आयडियाचे सरकारला द्यायचे देणे मार्च २०२५ अखेर जवळपास दोन लाख कोटींच्या घरात होते. ७५,८०० कोटींच्या बाजारमूल्यावर एवढा बोजा. असे देणे शेअरमध्ये बदलले की कंपनीचे बाजारमूल्य फुगते आणि जुन्या भागधारकाचा वाटा मात्र आटतो. आकार वाढला म्हणजे तुमचे धन वाढले असे नाही. एका शेअरमागे काय पडते ते पाहावे.

बँका आणि वित्त कंपन्यांना ही बेरीज लावू नका. ठेवी आणि उसने पैसे हा त्यांचा कच्चा माल आहे. तिथे बाजारमूल्याची तुलना नक्त मालमत्तेशी (मालमत्ता वजा देणी) करतात. समूहातल्या दोन कंपन्यांची बाजारमूल्ये नुसती मिळवतानाही जपा. बजाज फायनान्सचे निम्म्याहून थोडे अधिक शेअर बजाज फिनसर्वकडे आहेत, त्यामुळे फिनसर्वच्या भावात फायनान्सची किंमत आधीच धरलेली असते. दोन्ही मिळवले की तेवढा भाग दोनदा मोजला जातो.

प्रश्न : न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, लार्ज कॅप म्हणजे १० अब्ज डॉलरच्या वर. आपल्याकडे तेच लावू का? (वाचक, ठाणे)

लावू नका. अमेरिकेत १० अब्ज आणि २ अब्ज डॉलर हे आकडे रूढीने वापरले जातात. डॉलर ८५ रुपये धरला तर ते ८५,००० आणि १७,००० कोटी होतात. २५,००० कोटींची कंपनी भाच्याच्या हिशेबात मिड कॅप आणि २०२४ अखेरच्या ॲम्फीच्या यादीत स्मॉल कॅप.

प्रश्न : स्मॉल कॅप शेअर घेतला, भाव चांगला चढला, पण विकायला गेलो तर गिऱ्हाईक नाही. घेण्याआधी हे कसे ओळखायचे? (वाचक, पणजी)

बाजारमूल्यापासून खाली उतरत जा. कंपनी ९०० कोटींची आहे, प्रवर्तकांकडे ७२ टक्के. उरले २८ टक्के म्हणजे २५२ कोटी. भागधारणेच्या तक्त्यात या २८ टक्क्यांतही दोन-चार मोठी नावे दिसतील, जी वर्षानुवर्षे विकत नाहीत. तीही वजा करा. मग एनएसई किंवा बीएसईच्या पानावरून मागच्या ३० दिवसांचे सौदे उतरवा आणि रोजच्या रुपयांतल्या उलाढालीची सरासरी काढा. एखाद्या दिवसाचा मोठा घाऊक सौदा सरासरी फुगवतो, म्हणून ते दोन-तीन दिवस गाळा. शिवाय डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर खरोखर खात्यात जमा होणाऱ्या सौद्यांचे, प्रमाण बघा; बाकीचे सौदे सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे असतात.

सरासरी २० लाख निघाली आणि तुमचे ५ लाखांचे शेअर असतील, तर तुम्ही एकट्याने दिवसाच्या चौथ्या हिश्शाएवढी विक्री करू पाहता. भाव तुमच्यामुळेच पडेल. आमचा शिरस्ता असा की आपली रक्कम रोजच्या सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. इथे ती एक लाख येते.

सर्किटची मर्यादाही, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती वर-खाली जाऊ शकतो तेही, आधी पाहून ठेवा. ती शेअरप्रमाणे २, ५, १० किंवा २० टक्के असते. पाच टक्क्यांची मर्यादा असलेल्या शेअरबद्दल वाईट बातमी आली की रोज सकाळी भाव खालच्या टोकाला चिकटतो आणि घेणारा नसतो : १०० चे ९५, मग ९०.२५, ८५.७४, ८१.४५ आणि पाचव्या दिवशी ७७.३८. या पाच दिवसांत 'स्टॉप लॉस' (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना) लावलेला असला तरी उपयोग होत नाही, कारण सौदाच होत नाही. शेअर एनएसईवर 'बीई' मालिकेत किंवा बीएसईवर 'टी' गटात असेल तर त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही. एसएमई मंचावरचा शेअर तर ठरलेल्या लॉटमध्येच, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यातच, विकावा लागतो.

फंडांनाही हीच अडचण येते. म्हणून मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप फंड दर महिन्याला एक आकडा जाहीर करतात : बाजार पडला तर आपल्याकडचे २५ आणि ५० टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील. फंड निवडताना परताव्याच्या शेजारी हा आकडाही लिहा.

तुमच्या हातात आत्ता असलेल्या शेअरसाठी : मिळेल त्या भावाला विकणारी 'मार्केट' ऑर्डर टाकू नका, भाव ठरवून 'लिमिट' ऑर्डर द्या. सगळे एकदम काढू नका. रोज एक लाखाच्या आत अशा पाच-सात दिवसांच्या हप्त्यांनी विका, आणि शेअर दोन्ही बाजारांत असेल तर आधी कुठे खरेदीदारांची रांग मोठी आहे ते पाहा.